आम्ही गाडीचा शाफ्ट बदलला



आज या वर्गात चार शब्द सांगायला आम्हाला बोलावले आहे. आम्ही तिघे चुलतभाऊ. जुन्नर तालुक्यात शेती करतो. भाषणाची सवय नाही. शहाणपण सांगावे एवढे शहाणेही नाही. पण आमच्या हातून एक मोठी चूक झाली होती. ती कशी झाली आणि मग ती कशी निस्तरली, एवढे सांगता येईल. ऐकून कुणाची गाडी वाचली, कुणाचा जीव वाचला, तर बोलण्याचे सार्थक झाले म्हणू.

पावसाळ्यातली रात्र

आमच्या तीन घरांत मिळून एक गाडी आहे. मारुती आठशे. ही गाडी आपल्या देशात १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा आली. २०१४ साली ती बनवणे बंद झाले. आमची २००६ सालची. २०१५ साली आम्ही ती जुनी विकत घेतली. बी-बियाणे आणायचे, पोरांना परीक्षेला न्यायचे, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवायचे. गाडी एक आणि कामे दहा.

२०१९ सालचा आषाढ होता. रात्री साडेअकराच्या सुमारास काकूला दमा लागला. ओठ काळेनिळे पडले. बोलता येईना. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दुसऱ्या आजाऱ्याला घेऊन गेलेली. मग काकूला आमच्याच गाडीत बसवले आणि निघालो.

ओढ्याजवळ वळण आहे. तिथे पुढच्या चाकाखालून "खाड्" असा मोठा आवाज झाला. गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पाय दाबला की इंजिन ओरडतेय, पण गाडी जागची हलत नाही. वरून पाऊस, मागच्या सीटवर काकू. तोंडातून शब्द फुटेना कुणाच्या.

नशीब एवढेच, की वीस-पंचवीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. त्याने कॅन एका बाजूला सारले आणि काकूला दवाखान्यात नेले. तिथे ऑक्सिजन लावला. काकू वाचली. पण ती वीस-पंचवीस मिनिटे आम्ही अजून विसरलो नाही.

आवाज चार महिने येत होता

सकाळी ट्रॅक्टरला दोर लावून गाडी घरी आणली. सुटून लोंबणारा दांडा आधी तारेने बांधून घेतला. आमचा पुतण्या आयटीआय शिकलेला आहे. त्याने गाडीखाली डोकावून पाहिले आणि विचारले,

"काका, वळताना कट-कट असा आवाज येत होता का?"

"येत होता."

"किती दिवस?"

"असतील तीन-चार महिने."

"आणि चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीस उडलेलं दिसलं नाही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दिसले होते. आम्ही काय केले? फडके घेऊन ते पुसून काढले. गाडी स्वच्छ झाली म्हणून समाधान मानले!

पुतण्या म्हणाला, "पायात काटा मोडला, तर नुसतं रक्त पुसून कसं चालेल?"

बोलणे झोंबले. पण खरे होते.

हा शाफ्ट म्हणजे काय?

मंडळी, आपली बैलगाडी आठवा. तिचा आख फिरत नाही. चाक आखाभोवती फिरते, आणि ओढायचे काम बैल करतात. मोटारीला बैल नाहीत. तिथे चाकच फिरवावे लागते. आमच्या मारुतीसारख्या पुष्कळ छोट्या गाड्यांत इंजिन पुढची दोन चाके फिरवते. गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांनी एकेक लोखंडी दांडा निघतो आणि चाकापर्यंत जातो. त्यालाच ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. काही फिटर नुसते एक्सल म्हणतात.

आता अडचण पहा. पुढचे चाक फिरते, शिवाय डावीकडे-उजवीकडे वळते, शिवाय खड्ड्यात खाली-वर होते. सरळ दांडा हे सगळे कसे करील? म्हणून त्या दांड्याला दोन सांधे असतात. एक आत, गिअरबॉक्सजवळ. एक बाहेर, चाकाजवळ. आपल्या हाताला कोपर आणि मनगट असते, तसेच.

ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला जोडलेला दांडा आपण पाहिला असेल. त्याला क्रॉसचा सांधा असतो. ट्रॅक्टर फार वळवला की तो दांडा खडखडतो. कारण वाकलेला क्रॉस एकसारखा फिरत नाही. एका फेरीत दोनदा जलद होतो, दोनदा मंद होतो. मोटारीच्या चाकाला असे झटके चालत नाहीत. म्हणून अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनिअराने १९२० नंतरच्या वर्षांत निराळा सांधा काढला. त्यात वाटीच्या आत सहा पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. सांधा वाकला तरी दोन्ही बाजू एकाच गतीने फिरतात. १९५९ साली इंग्लंडात मिनी नावाची छोटी गाडी निघाली, तिच्यात हाच सांधा होता. आज आपल्या गावातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत चाकाजवळ हाच सांधा आहे. फिटर त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात.

या गोळ्यांना सतत ग्रीस लागते. ग्रीस बाहेर जाऊ नये, धूळ-पाणी आत येऊ नये, म्हणून सांध्यावर रबराची घडीदार पिशवी असते. तिला बूट म्हणतात. आमच्या गाडीचा तोच बूट फाटला होता. ग्रीस उडून गेले. चिखल आत शिरला. गोळ्या चिखलात दळल्या गेल्या. त्या कट-कट करून सांगत होत्या, आणि आम्ही गाणी लावून आवाज झाकत होतो. बूट बदलायला काहीशे रुपये लागतात. शाफ्टला काही हजार.

एक शाफ्ट तुटला, गाडी का थांबली?

आम्ही विचारले, "अरे, दुसरं चाक तर धड होतं. त्यानं का ओढलं नाही?"

त्याचे उत्तर असे. खळ्यात मळणी चालते तेव्हा मेढीजवळचा बैल थोडे चालतो आणि कडेचा बैल जास्त चालतो. मोटार वळतानाही बाहेरचे चाक जास्त धावते. दोन चाकांना कमी-जास्त फिरता यावे, म्हणून गिअरबॉक्सच्या पोटात एक योजना असते. तिला डिफरेन्शियल म्हणतात. पण जिकडे अडवणूक नाही, तिकडेच तिचा जोर पळतो. बांध फुटला की पाटाचे सगळे पाणी त्या फुटीकडे धावते ना? तसेच. तुटका दांडा रिकामा फिरत राहतो आणि धड चाकाला जोर मिळत नाही.

याच कारणाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एरवी आपण गाडी उतारावर गिअरमध्ये टाकून उभी करतो. शाफ्ट तुटलेली किंवा काढलेली गाडी गिअरने थांबत नाही. तिला हँडब्रेक पाहिजे आणि चाकांना दगड पाहिजेत.

घरी करायचे ठरले

गॅरेजमध्ये गर्दी होती. आठ दिवस थांबा म्हणाले. कांद्याला भाव नव्हता, हातात पैसाही बेताचा. पुतण्या म्हणाला, "काका, मी दोन-तीनदा केलंय हे काम. पुस्तक समोर ठेवू आणि घरीच करू. पण मी थांब म्हटलं की थांबायचं."

आम्ही मान डोलावली. आणि पहिल्याच तासाला चुकलो.

पाऊस उघडला होता, पण अंगण ओले होते. पुतण्या हत्यारे आणायला गेला. त्याची वाट न पाहता आम्ही अंगणातच जॅक लावला आणि चाक काढले. धाकट्याने चाकाच्या जागी हात घातला. तेवढ्यात जॅक मऊ मातीत रुतला, कलला आणि गाडी धाडकन खाली आली.

काढलेले चाक थोरल्याने सहज गाडीच्या बाजूखाली सरकवून ठेवले होते. गाडी त्या चाकावर टेकली. धाकट्याचा हात मधल्या फटीत राहिला. थोडे खरचटले, एवढेच. चाक तिथे नसते तर हात कोपरापासून गेला असता.

पुतण्या परत आला. त्याने सगळे पाहिले. तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "जॅक उचलण्यासाठी असतो, काका. धरून ठेवण्यासाठी नसतो."

ते वाक्य आम्ही पाठ केले आहे. मग गाडी ढकलून सिमेंटच्या खळ्यावर नेली. गॅरेजवाल्याकडून दोन लोखंडी स्टँड मागून आणले. तेव्हा कुठे काम सुरू झाले.

काम कसे केले

आता क्रमाने सांगतो. हे काम करताना उडी मारायची नाही. एकामागून एक पायरी उतरायची.

आधी हँडब्रेक ओढला. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले.

दुसरे, चाकाच्या मधोमध शाफ्टचा मोठा नट असतो. काही गाड्यांत त्यातून पिन घातलेली असते. काहींत नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. ती आधी मोकळी केली. मग गाडी जमिनीवर असतानाच, एकाने ब्रेकवर पाय दाबून धरला आणि दुसऱ्याने लांब दांड्याचा पाना लावून नट सैल केला. हा नट फार घट्ट असतो. गाडी उचलल्यावर त्याच्याशी झोंबू नये. तेव्हाच चाकाचे चार नटही थोडे सैल करून घेतले.

तिसरे, गाडी जॅकने उचलली. स्टँड लावले. हाताने हलवून पाहिली. हलली नाही. मग चाक काढले आणि गाडीखाली सारून ठेवले. या खेपेला मुद्दाम.

चौथे, गिअरबॉक्सचे तेल काढायचे. इथे पुतण्याने एक युक्ती सांगितली. तेल भरायचा बोल्ट आधी उघडून पाहायचा. तो उघडला तरच तेल सोडायचा खालचा बोल्ट उघडायचा. खालून तेल सोडले आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी कोरडी पडते आणि आपण डोक्याला हात लावून बसतो. आम्ही आधी वरचा उघडला. मग खाली घमेले ठेवून तेल सोडले.

पाचवे, चाकाचा भाग खालच्या आर्मला बॉल जॉइंटने जोडलेला असतो. त्याचा बोल्ट काढला. पहार लावून आर्म खाली दाबला आणि जॉइंट सोडवला. आता चाकाचा भाग बाहेर ओढता येऊ लागला. ब्रेकची रबरी नळी ताणली जाऊ नये, म्हणून एक जण तो भाग दोन्ही हातांनी धरून होता.

सहावे, शाफ्टचे टोक चाकाच्या भागातून बाहेर काढायचे. मोठा नट टोकापर्यंत उलट फिरवून ठेवला. त्यावर लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडीने हलके ठोकले. उघड्या आट्यांवर हातोडी मारू नये. आटे दबले की नट पुन्हा बसत नाही. टोक हलल्यावर नट काढून घेतला.

सातवे, आतले टोक. ते गिअरबॉक्समध्ये एका छोट्या तारेच्या कड्याने अडकलेले असते. गिअरबॉक्स आणि सांधा यांच्या फटीत टॉमी घालून एक झटका दिला. टोक सुटले. दांडा धरून ओढायचे नसते. तसे केले तर आतला सांधाच उकलून हातात येतो.

डावा कोणता, उजवा कोणता?

जुना शाफ्ट खाली काढला. नवा आदल्या दिवशी नारायणगावहून आणला होता. पुतण्या म्हणाला, "बसवायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवा."

ठेवले. नवा शाफ्ट पुरा वीतभर निराळा!

झाले होते असे. आम्ही गाडीच्या समोर उभे राहून मोडके चाक पाहिले. ते आमच्या उजव्या हाताला होते. दुकानात जाऊन सांगितले, "उजवा द्या." पण गाडीचे डावे-उजवे हे आत बसलेल्या ड्रायव्हरच्या हातावरून ठरते. आमच्या समोरचे उजवे ते गाडीचे डावे. गिअरबॉक्स इंजिनच्या एका अंगाला असतो. म्हणून एक शाफ्ट आखूड आणि एक लांब. दुकानदाराने मागितले ते दिले. त्याचा काय दोष?

थोरला पुन्हा एस्टीने गेला. या खेपेला कागदावर लिहून नेले: मारुती आठशे, साल २००६, ड्रायव्हर बसतो तशी डावी बाजू. जुना शाफ्टही पोत्यात घालून बरोबर नेला. दुकानात लांबी ताडून पाहिली. दोन्ही टोकांचे दाते मोजले. अदलाबदल झाली. अर्धा दिवस मोडला, पण नुकसान टळले. काही नव्या गाड्यांत ब्रेकसाठी शाफ्टवर दातेरी कडे असते. तेही जुळले पाहिजे.

बसवताना

गिअरबॉक्सच्या तोंडाशी रबराचे तेलाचे सील असते. ते कितीसे महाग? आम्ही नवेच घातले आणि त्याच्या ओठाला ग्रीस लावले. शाफ्टच्या टोकाला नवे कडे बसवले. मग शाफ्ट सरळ धरून हळूच आत घातला. तिरपा घातला तर दात्यांनी सील कापले जाते आणि तेल गळत राहते. आत ढकलल्यावर "टच्" असा आवाज आला. सांध्याची वाटी धरून बाहेर ओढून पाहिली. सुटली नाही. म्हणजे कडे अडकले.

मग बाहेरचे टोक चाकाच्या भागात घातले. बॉल जॉइंट जागी बसवला. नवा मोठा नट हाताने लावला. चाक चढवले. गाडी खाली घेतली. आणि मग ब्रेक दाबून नट घट्ट केला.

किती घट्ट? हे अंदाजाने चालत नाही. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो. तो न्यूटन-मीटर या मापात असतो. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे दहा किलो वजन टांगल्याइतका जोर. दर गाडीचा आकडा निराळा. तो मोजायला खास टॉर्कचा पाना मिळतो. आम्ही तो गॅरेजमधून भाड्याने आणला. नट सैल राहिला तर चाकाचे बेअरिंग जाते. वाजवीपेक्षा जास्त आवळला तरी आटे आणि बेअरिंग बिघडतात. शाफ्ट काढलेला असताना गाडी चाकावर ढकलूही नये. त्यानेही बेअरिंग बिघडते. शेवटी नटाची कड ठोकून खाचेत बसवली.

मग गिअरबॉक्समध्ये पुस्तकात सांगितलेले तेल भरले. गाडी सपाट जागी ठेवून, भोकाच्या कडेपर्यंत. जुने तेल डब्यात भरून गॅरेजला दिले. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. थोडे तेलही पुष्कळ पाणी नासवते.

पहिली फेरी

संध्याकाळ झाली होती. आम्ही खळ्यावरच गाडी हळूहळू फिरवली. आधी पूर्ण डावीकडे वळवून, मग पूर्ण उजवीकडे. खिडक्या उघड्या, गाणी बंद. तिघेही कान देऊन होतो. आवाज नाही. मग रस्त्यावर नेली. परत येऊन खाली कागद पसरून ठेवला. सकाळी पाहिले, कागदावर तेलाचा थेंब नव्हता. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासले.

मंडळी, हे काम घरी होते. पण सगळ्यांनी सगळ्या वेळी करावे असे आम्ही म्हणणार नाही. सपाट कडक जागा नसेल, स्टँड नसतील, जाणता माणूस शेजारी नसेल, गाडीचे पुस्तक नसेल, तर गॅरेजला चार पैसे द्यावेत. पैसे पुन्हा मिळतील. हात पुन्हा मिळत नाही.

आणि खरे सांगायचे तर शाफ्ट बदलण्याची वेळच येऊ देऊ नये. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चाक पूर्ण वळवतो आणि बॅटरी धरून आत पाहतो. बुटाला चीर आहे का? ग्रीस उडले आहे का? पाच मिनिटांचे काम. गेल्या वर्षी उजव्या बाजूचा बूट चिरलेला दिसला. आठ दिवसांत बदलून घेतला. शाफ्ट वाचला.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर तो जुना कागद अजून चिकटवलेला आहे. "ड्रायव्हर बसतो तशी डावी बाजू." त्याच्या खाली धाकट्याने नंतर आणखी एक ओळ लिहिली: "जॅकवर विसंबू नये."

काकू अजून आमच्या गाडीत बसते. पण बसण्याआधी दर वेळी विचारते, "आवाज नाही ना रे करत?" आणि आम्ही खिडकी उघडून, कान देऊन, मगच तिला उत्तर देतो.

आपल्याही गाडीला, ट्रॅक्टरला, पंपाला आवाज येत असेल. आज घरी गेल्यावर एकदा थांबून ऐका. आम्ही चार महिने ऐकले नाही.

राम राम.